भोपळा कोणी फोडायचा?

वाईजवळ माझ्या मामेभावाची शेती आहे, आणि दर महिन्या-दीड महिन्यानं तो आमच्यासाठी एक क्रेट पाठवतो, म्हणजे पुण्याला जाण्याइतका चांगला नसलेला पण फेकण्याइतका वाईट पण नसलेला माल. फेब्रुवारीत असाच फोन आला की ताई टेम्पो निघालाय, साताऱ्यात पोवई नाक्यावर उतरवून घ्या. मी ऑफिसात, मग नवरा गेला आणि एका हाताने कसाबसा क्रेट गाडीवर ठेवून आणला. एका हाताने कारण त्याचा उजवा खांदा धरलाय. शुगर असणाऱ्यांना हे जास्त होतं म्हणे, फ्रोझन शोल्डर. हा खांदा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

क्रेटमध्ये वर नेहमीचंच, झुकिनी, ब्रोकोलीचे दोन गड्डे, वाकडी झालेली लाल-पिवळी ढोबळी. आणि तळाला पाच पिवळेधमक, गुळगुळीत, लांबट गोळे, एकेक दीड किलोचा तरी असेल.

"हे काय, खरबूज हाय का?" आई म्हणाल्या. (आई म्हणजे सासूबाई. माझं माहेर तासगावकडं, त्याचं पुढं येईल.)

भावाला फोन लावला तर म्हणाला, अगं ते स्पॅगेटी स्क्वॉश. आईंना स्क्वॉश म्हणजे पाचगणीवरनं आणतात ती बाटलीच माहिती, त्यामुळं त्यांचा पुढचा प्रश्न "मग हे पाण्यात कालवून प्यायचं?" असा होता आणि तो चुकीचा होता असं मला वाटत नाही, नावं ठेवणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा होता.

भावाची कथा अशी की झुकिनीच्या बियाण्यासोबत त्यानं हौसेनं हे पण लावलं, तेच मल्चिंग, तेच ठिबक. पण झुकिनी कोवळी असताना रोजच्या रोज तोडायची असते आणि हे वेलावरच पिकू द्यायचं, साल इतकी टणक झाली पाहिजे की नख मारलं तर आत जायला नको. म्हणजे तीन महिने सांभाळा, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली की फवारा, आणि शेवटी व्यापारी म्हणतो झुकिनी कितीबी द्या, ह्याला गिऱ्हाईक नाही. "तुमच्याकडं एअर फ्रायर हाय न्हवं, त्यात कर, आतनं शेवया निघत्यात," एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

एअर फ्रायर होता. मुलीनं दिवाळीत पाठवला होता, बाबांना तळकट बंद म्हणून. पहिल्या आठवड्यात त्यात पापड भाजले, मग एकदा समोसे, ते असे कडक झाले की नवऱ्यानं चहात बुडवून खाल्ले, आणि त्यानंतर त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडला तो पडलाच. आमच्याकडं जी वस्तू रुमालाखाली जाते ती सहसा परत बाहेर येत नाही.

पण शेवया हा शब्द कानावर पडला आणि मला राहवेना. म्हटलं आत्ताच करू. सुरी घेतली, गोळा पाटावर ठेवला आणि आई देवघरातनं ओरडल्या, "थांब! तू नको फोडू."

ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं अख्खा भोपळा किंवा कोहळा बाईनं पहिला फोडायचा नाही. पुरुषानं एक वार करायचा, मग पुढं बाईनं काय चिरायचं ते चिरावं. आमच्याकडं बळीच्या जागी कोहळा देतात, म्हणजे कोहळा फोडणं हे एक प्रकारचं मारणंच झालं, आणि जिच्या पोटात जीव वाढतो तिनं ते करू नये, असं आईंना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यावरून एकदा वाद घातला होता, की मग दुधी पण भोपळाच ना, तो मी रोज चिरते तेव्हा कोणी काही म्हणत नाही. त्यावर उत्तर मिळालं "दुधीचं येगळं." बस. वीस वर्षं झाली, दुधीचं वेगळंच आहे. आमचं नातं विळ्या-भोपळ्याचं वगैरे अजिबात नाही, पण खऱ्या भोपळ्यावरून मात्र कधी एकमत झालं नाही.

आता पुरुष म्हणून घरात एकच, आणि त्याचा खांदा असा. त्यानं डाव्या हातानं सुरी टेकवली, दाबली, गोळा घरंगळत मिक्सरच्या मागं गेला. तर तीन दिवस ते पाच गोळे ओट्यावर तसेच, घरात दोन बायका, तीन सुऱ्या आणि एक विळी असताना. शेवटी खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा पार्सल द्यायला आला त्याला पकडला. त्यानं आधी मोबाईलवर बघितलं, सालीला सुरीच्या टोकानं पाच-सहा भोकं पाडली, मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटं फिरवला म्हणजे साल जरा नरम पडते (भोकं न पाडता ठेवला तर आतली वाफ कोंडून फुटू शकतो, हे मात्र खरंच लक्षात ठेवा), आणि मग देठापासून बुडापर्यंत उभा चिरला. त्याच्यासाठी चहा केला. आतनं फिकट पिवळा गर, मधे बिया आणि तारा-तारांचा गुंता, वास काकडीसारखा.

पहिला प्रयोग पूर्ण फसला, आणि फसला तो ह्या उभ्या चिरण्यापासनंच, पण ते मला नंतर कळलं.

उभी फाक चार लिटरच्या बास्केटमध्ये बसेना. देठाकडचा तुकडा उडवला, दाबून बसवली. तेल चांगलं चोपडलं, मीठ लावलं, २०० डिग्री, ४० मिनिटं. घरात सुंदर वास सुटला आणि मी मनात पोस्टसुद्धा लिहायला घेतली होती. उघडून बघते तर कडा काळ्या, आणि फाकेच्या वाटीत चक्क पाणी साचलेलं. काट्यानं खरवडलं तर काही ठिकाणी बोटभर तुकडे, बाकी सगळा लगदा. त्यावर मी पास्त्यासाठी म्हणून टोमॅटो-लसणाचा सॉस केलेला, तो ओतला आणि त्या लगद्यानं आणखी पाणी सोडलं. नवरा पहिला घास खाऊन म्हणाला, "छान आहे, खिचडी का?"

माझा राग भोपळ्यावर निघाला. पण मग रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले, आणि कळलं की दोष बिचाऱ्याचा नव्हताच.

एक म्हणजे हे मशीन तळत नाही. नाव फ्रायर, पण असते ती छोटी भट्टी, वर कॉईल, त्याच्यावर पंखा, आणि गरम हवा बास्केटभर गरागरा फिरते. २०१० मध्ये फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा एअर फ्रायर ह्या नावानं आणलं आणि तेव्हापासून लोक त्याच्याकडनं भज्यांची अपेक्षा करतायत. गरम वारा चांगलं करतो ते एकच, वरवरचं पाणी पळवतो. उन्हाळ्यात गच्चीवर वाऱ्यात कुरडया कशा दोन दिवसात खडखडीत वाळतात आणि ढगाळ दिवशी कशा कुबट होतात, तेच गणित. आणि ह्या भोपळ्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी. मी त्याला वाटी करून ठेवला, पाणी जाणार कुठं?

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. ह्याच्या गरातल्या तारा देठाकडनं बुडाकडं जात नाहीत, त्या आडव्या असतात, भोपळ्याच्या पोटाला गोल गोल वेढे दिल्यासारख्या. शिजल्यावर तारांना एकमेकीला धरून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं आणि त्या सुटतात. म्हणजे उभा चिरला की प्रत्येक वेढा मधेच तुटतो. आडव्या चकत्या केल्या तर अख्खा वेढा हातात येतो. आपण फाकी करणारी माणसं, आपला हात आपोआप उभाच पडतो.

आणि तिसरं, हा मुळात आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा नाही, झुकिनीचा सख्खा आहे. एकच जात, कुकुर्बिटा पेपो. आपला बाजारातला लाल भोपळा बहुतेक कुकुर्बिटा मोशाटा, म्हणजे चुलत. कोहळा आणि दुधी तर पार वेगळ्या घरातले. पेपोचं मूळ गाव मेक्सिको, तिथल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. त्यातला हा तारांचा प्रकार मात्र वाढला चीन-जपानकडं आणि १९३० च्या दशकात बियाण्यांच्या कॅटलॉगमधनं परत अमेरिकेत गेला. स्पॅगेटी वगैरे नाव तिकडचं. जपानी लोक ह्याला सोमेन काबोचा म्हणतात, सोमेन म्हणजे त्यांच्या बारीक शेवया, किंवा किंशी-उरी, सोन्याच्या तारांची काकडी म्हणा. आणि ते करतात काय तर आडव्या चकत्या पाण्यात उकडायच्या, थंड पाण्यात टाकून बोटांनी तारा मोकळ्या करायच्या आणि व्हिनेगर-बिनेगर घालून गार खायच्या.

म्हणजे कोशिंबीर! रात्री एक वाजता मी नवऱ्याला हलवून सांगितलं की अहो ती कोशिंबीर आहे. तो "बरं" म्हणून कुशीवर वळला, दुखऱ्या, आणि मग दोघंही जागे.

सकाळी हे सगळं आईंना सांगितलं. त्यांनी बाकी काही धरलं नाही, दोन शब्द धरले. "काकडी म्हणत्यात?" म्हणलं हो, जपानी लोक म्हणतात. "आणि ह्या झुकिनीचा सख्खा?" हो. त्यांनी उठून दुसरा गोळा घेतला, ओट्यावर टॉवेलची चुंबळ करून त्यावर बसवला म्हणजे घरंगळू नये (हे आम्हा तिघांना, त्यात एक होणारा इंजिनिअर, सुचलं नव्हतं), नारळाच्या कोयत्याचं पातं टेकवलं आणि वरनं बत्त्यानं एक टोला. खट्. "मग भोपळा न्हाईच की ह्यो. काकडीला कुठं गडी लागतोय."

मी बघतच राहिले. वीस वर्षं मी जो नियम मोडायचा म्हणून वाद घालत होते तो त्यांनी न मोडता बाजूला सारला, नुसती जात बदलून. वकील व्हायला हव्या होत्या.

तर दुसऱ्या वेळची कृती, जी आता आमच्याकडं ठरलीय. दीड-दीड इंचाच्या आडव्या चकत्या, मधल्या बिया चमच्यानं काढून बांगड्या करायच्या. दोन्हीकडनं मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या, वर दव आल्यासारखं पाणी येतं ते फडक्यानं टिपायचं. टिपायचं म्हणजे खरंच टिपायचं, ही पायरी गाळली की परत खिचडी. मग तेलाचं बोट, नुसतं बोट. १८० डिग्री, वीस मिनिटं, मधे एकदा उलटायच्या, एका थरात, एकावर एक नाही, वारा फिरायला जागा हवी. चकत्या जाड असतील तर आणखी पाच. काटा घातला की गर सुटतोय पण अजून जरा दात लागतोय, तिथं थांबायचं. आणि लगेच हात लावायचा नाही, चाळणीत दहा मिनिटं ठेवायच्या, वाफ जाऊ द्यायची. मग सालीच्या कडेनं काटा फिरवला की लांब लांब तारा सुटत येतात, वीत-वीतभर.

त्या तारा सुटताना बघितल्या आणि मला तासगावची आमची पडवी आठवली.

एप्रिलमध्ये आमच्याकडं शेवया व्हायच्या, खपली गव्हाच्या रव्याच्या. माझी आजी आणि गल्लीतल्या चार-पाच जणी, आज आमच्याकडं, उद्या त्यांच्याकडं असं वाटून. रवा आदल्या रात्री भिजवायचा, पहाटे तेलाचा हात लावून कुटायचा, आणि मग पाटावर एका बाजूनं घासत घासत तार ओढायची. दोन खुर्च्यांवर काठ्या आडव्या टाकलेल्या, त्यावर त्या ओल्या शेवया लोंबत असायच्या, आणि आम्हा पोरांना काम काय तर कावळे हाकलणे आणि वारा आला तर ओरडणे. फार वारा आला की तार वाळून तुटते, वारा पडला की एकमेकीला चिकटतात. आजी अधूनमधून बोट लावून बघायची आणि काठ्या सावलीत घे, उन्हात घे, असं चालू. पुढं हाताचं मशीन आलं, पडवीच्या दाराला स्क्रूनं आवळायचं, मी हँडल फिरवायचे आणि आजी खालनं तारा झेलायची. मशीनच्या शेवया तिला आवडायच्या नाहीत. सगळ्या सारख्या जाडीच्या येतात, म्हणायची, खाताना तोंडाला कळत नाही. मला तेव्हा वाटायचं ही म्हातारी उगाच खोड काढतीय.

ह्या भोपळ्याच्या तारा सारख्या नसतात. बाहेरच्या जाड, आतल्या बारीक. खाताना कळतं. पण म्हणून त्या शेवया नव्हेत, हे पण सांगते, कारण मी दूध-गूळ घालून पण करून बघितलं, मोहात पडून. दुधात पडल्यावर त्या काकडीच्या वासानं जे काही झालं ते मी एकटीनं संपवलं, कोणाला न दाखवता.

खरी चव लागली ती आईंनी केली तेव्हा. तारांवर दाण्याचं कूट, थोडी साखर, लिंबू, कोथिंबीर, आणि वरनं मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. बस. दही घालू का विचारलं तर म्हणाल्या आधीच पाणचट प्रकरण, त्यात आणखी दही कशाला. तारा जरा कचकच लागतात, कुटानं उरलंसुरलं पाणी ओढून घेतलं, आणि एअर फ्रायरमध्ये कडांना जो खरपूस रंग आलेला असतो तो मधेमधे दाताखाली येतो. उकडून हे मिळत नाही, त्यामुळं ह्या एका बाबतीत मी जपान्यांच्या पुढं गेले असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्यावर कांदा-लसूण चटणी टाकून तव्यावर परतलं, ते तर आणखी भारी.

आता शुगरचं. हे सगळं ज्याच्यासाठी. शिजवलेल्या १०० ग्रॅम स्पॅगेटीत कार्ब साधारण ३० ग्रॅम, आणि ह्या भोपळ्याच्या १०० ग्रॅममध्ये ६-७. पास्त्याच्या जागी खाल्लं तर मोठा फरक आहे, त्यासाठीच जगभर लोक ह्याच्या मागं लागलेत. पण आमच्या घरात पास्त्याच्या जागी खायचं तर आधी पास्ता खात असायला हवा ना. आमच्याकडं ती कोशिंबीर झाली, आणि कोशिंबीर चांगली झाली म्हणून नवऱ्यानं एकाच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दोन तासांनी बोट टोचून बघितलं आणि मीटर गुपचूप डबीत ठेवला. मी आकडा विचारला नाही, त्यानं सांगितला नाही.

बियांचं सांगायचं राहिलं. लाल भोपळ्याच्या बिया भाजतो तशा ह्याच्या पण भाजू म्हणून धुऊन, पुसून, तिखट-मीठ लावून १६० वर ठेवल्या. सोबत कढीपत्त्याची चार पानं टाकली, वास यावा म्हणून. दोन मिनिटांत आतनं टकटक आवाज आणि जळका वास. पानं हलकी, वाऱ्यानं उडाली ती थेट कॉईलला जाऊन चिकटली. तेवढ्यात लाईट गेली, त्यामुळं नक्की काय जळतंय ते बघायला मोबाईलचा टॉर्च लावून मी अर्धी त्या मशीनमध्ये. हलकं काही त्यात टाकायचं नाही, हा धडा. बिया चांगल्या झाल्या पण, १० मिनिटांत. साल चघळून टाकायला लागते तेवढंच. आता रुमाल धुऊन घडी घालून कपाटात गेलाय.

चौथा आणि पाचवा गोळा महिनाभर ओट्याखाली छान राहिले, ह्या बाबतीत पिकलेला भोपळा गुणी. पाचवा आईंनी मैत्रिणींना वाढला, भिशीला. कोणीतरी विचारलं हे कशाचं हो, तर आई अगदी सहज म्हणाल्या, "भोपळ्याचं." मी स्वयंपाकघरातनं डोकं बाहेर काढून बघितलं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शेवयाचा भोपळा असतोय, आमच्या सुनेच्या भावाकडं पिकतोय." म्हणजे फोडताना काकडी आणि वाढताना भोपळा.

त्याच्याच चार बिया त्यांनी मला न सांगता गच्चीतल्या रंगाच्या बादलीत टोचल्या होत्या. भावाला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला शेजारच्याच सरीत झुकिनी होती, मधमाशीनं काय कुठनं कुठं नेलंय देव जाणे, त्यातनं स्क्वॉश निघंल, झुकिनी निघंल नाहीतर तिसरंच काहीतरी. आईंना हे कळवलं, त्यांना काही फरक पडला नाही, रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी घालायचं चालूच.

दोन बिया रुजल्या. एप्रिलच्या मध्याला मोठी पिवळी फुलं यायला लागली, पण सगळी नर, ह्या वेलांना आधी नर फुलंच येतात, मागं छोटं फळ घेऊन येणारी मादी फुलं नंतर. आठवडाभर आईंनी वाट बघितली. मग रविवारी सकाळी नऊ फुलं तोडून आणली, देठ काढले, बेसनात ओवा-तिखट घातलं.

मी एअर फ्रायरचा प्लग लावला. त्यांनी कढई ठेवली होती.